चूल आणणे आणि चूल मांडणे

मराठीत भांडे ठेवतात, खाट टाकतात, दिवा लावतात. चूल मात्र मांडतात. भावाभावांची वाटणी होऊन एखादा निराळा निघाला, म्हणजे त्याने वेगळी चूल मांडली असे गाव म्हणते. वेगळी चूल विकत आणली असे कोणी म्हणत नाही. पूजा, संसार, हिशेब आणि सारीपाट या ज्या इतर गोष्टी आपण मांडतो, त्यांच्या पंक्तीला भाषेने चुलीला बसवले आहे ते उगीच नव्हे. या सर्वांत वस्तू नुसती जागेवर येऊन भागत नाही, तिची अनेक अंगे एकमेकांशी आणि माणसाशी योग्य नात्याने जुळावी लागतात. साक्रीच्या आमच्या घरी नवी, जड, धुराड्याची चूल आली तेव्हा हा भेद मला प्रथमच प्रत्यक्ष उमगला. आणि ज्यांच्या घरी अशी चूल यावयाची आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून तिची वाहतूक, तिची बैठक आणि तिचे धुराडे यांविषयी जे कळले, ते येथे क्रमाने सांगत आहे.

एका पिढीपूर्वीपर्यंत चुलीला प्रवास ठाऊक नव्हता. जेथे पेटावयाची तेथेच ती घडत असे. खानदेशातील काळी, कपाशीची माती या कामी निरुपयोगी, कारण ती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून गावच्या जुन्या पांढरीची किंवा वारुळाची माती आणावयाची, तीत गव्हाचा भुसा, शेण अथवा घोड्याची लीद आणि थोडी राख कालवावयाची, ती भिजत घालून पायांनी तुडवावयाची, आणि मग हाताच्या मापाने चुलीचे अंग उभे करावयाचे, असा शिरस्ता होता. भुशाचे आणि लिदीचे तंतू ओल्या मातीला बांधून ठेवतात, आणि पुढे ते जळून गेले म्हणजे मागे राहणाऱ्या सूक्ष्म पोकळ्या उष्णता अडवून धरतात, हे शास्त्र त्या करणाऱ्या बाईने पुस्तकात वाचलेले नसे. परंतु घरातला तवा आणि पातेली मापाला घेऊन बसल्याशिवाय ती चुलीचे तोंड आणि मागचा वैल कधी घडवीत नसे. चूल जागेला, भांड्याला आणि हाताला एकाच वेळी जुळे, कारण जिने ती घडवावयाची तिनेच ती पेटवावयाची असे.

साक्री हा धुळे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचा तालुका. सुरतेहून धुळ्याकडे येणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट चढून येथूनच पुढे जातो. कान आणि पांझरा यांच्या काठी बागायत, तर पिंपळनेरच्या पलीकडे सह्याद्रीच्या सोंडा आणि जंगल, अशी या मुलखाची ठेवण आहे. जळणही तसेच दुहेरी आहे: सपाटीवर कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि बांधावरची बाभूळ, तर डोंगराकडे डोक्यावरून उतरणारी मोळी. याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर वीजप्रकल्प २०१३ साली उभा राहिला, आणि १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅसची टाकीही पोहोचवली. असे असूनही आंघोळीचे पाणी, बाजरीची आणि कळण्याची भाकरी, आखाजीचे मांडे आणि कानबाईचे रोट यांसाठी चूल पेटतेच. २०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के कुटुंबे स्वयंपाकाला सरपण जाळत होती आणि गॅसवर रांधणारी २८.५ टक्के होती. त्यानंतर गॅसचा प्रसार पुष्कळ झाला, तरी सरपण घरातून हद्दपार झालेले नाही. चूल उद्या जावयाची असेल तर आनंदाने जावो. परंतु जोवर ती आहे, तोवर ती नीट मांडलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

धूर घराबाहेर नेणाऱ्या चुलीचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत, जेथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे कार्य गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली चाले, तेथे ‘मगन चूल’ आकाराला आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर लिहिलेले पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, आणि २००२ मध्ये तो आवरता घेईपर्यंत देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद झाली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, जिची स्थापना १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने झाली, साच्यातून काढावयाच्या चुली घडवण्याचे शिक्षण ग्रामीण कारागिरांना दिले. साचा आला आणि चुलीची जात बदलली. आजवर जी घरात जन्मत होती, ती आता कार्यशाळेत जन्मू लागली आणि बोजा म्हणून दारात येऊ लागली.

हा बोजा किती, याचा अंदाज आधी बांधावा, कारण हमालांची संख्या आणि जमिनीचा बंदोबस्त त्यावरच ठरतो. दोन भांड्यांची चूल साधारण ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि २५ उंच धरली, तर तिचे घनफळ साडेसदुसष्ट लिटर होते. आतील पोकळीसाठी एक तृतीयांश वजा केले तर भरीव माल ४५ लिटर उरतो, आणि सिमेंट-वाळू किंवा वीट पाण्याच्या सुमारे दुप्पट जड असल्यामुळे चुलीचे वजन ९० किलो, म्हणजे जुन्या हिशेबाने जवळजवळ अडीच मण भरते. थंड देशांत घर उबवण्यासाठी बिडाच्या लोखंडाच्या ज्या शेगड्या वापरतात, त्या याहूनही जड असतात. जडपणाचा लाभ असा की तापलेले अंग आच मंदावल्यावरही बराच वेळ ऊब देत राहते. तोटा असा की ते अंग आधी तापवावे लागते. ९० किलोचे अंग सरासरी १०० अंशांनी तापवावयाचे झाले तर सुमारे १,८०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि ती अर्ध्या किलो वाळक्या लाकडाची कमाई होय. म्हणून एका चहासाठी जड चूल पेटवणे हा अपव्यय, आणि डाळ, भात, भाकरी, आंघोळीचे पाणी असे सलग काम तिच्यावर काढणे हा तिचा खरा उपयोग.

आमच्याकडे धुळ्याहून पहिल्या खेपेस आलेली चूल तडा जाऊन पोहोचली. ती टेम्पोच्या अगदी मागच्या टोकाला, आडवी, खाली काहीही न अंथरता टाकलेली होती, आणि पन्नासहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर तिने सगळे धक्के आपल्या सर्वांत पातळ भागावर, म्हणजे धुराड्याच्या खोबणीच्या काठावर घेतले होते. सिमेंटच्या मालाची दाब सोसण्याची शक्ती ताण सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे दसपट असते. उभी चूल आपले वजन दाबाने पेलते आणि अभंग राहते. आडव्या चुलीला प्रत्येक खड्ड्यात वाकावे लागते, आणि जेथे वाकणे आले तेथे ताण आला. म्हणून रवानगीपूर्वीच ताकीद द्यावी की चूल उभीच ठेवावी, खाली कडब्याचा किंवा भुशाच्या पोत्यांचा जाड थर असावा, ती मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या मध्याकडे बांधावी, आणि दोरी खोबणीला अथवा तोंडाच्या कमानीला न घालता बुडाखालून घ्यावी. माल उतरवून पोचपावतीवर सही करण्यापूर्वी, माठ घेताना जसे वाजवून पाहतो, तसे चुलीच्या चारही बाजूंना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. अखंड चूल एका सुरात बोलते, तडकलेली चूल एखाद्या जागी बद्द वाजते.

दुसरी चूल धड आली. गल्ली अरुंद असल्यामुळे टेम्पो चौकातच थांबला आणि चौघा हमालांनी दोन बांबूंना दोरांची झोळी करून ती उचलली. वजन चौघांत वाटले म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यावर बावीस-तेवीस किलो येतात, आणि बांबू लांब असल्यामुळे पाय एकमेकांत अडकत नाहीत. खरी परीक्षा उंबऱ्याशी झाली, कारण दारातून बांबूंसह चौघे एकाच वेळी जाऊ शकत नव्हते. तेव्हा त्यांतल्या वडीलधाऱ्याने चूल ओट्यावर टेकवली, उंबऱ्यावर फळीचा उतार केला, फळीवर लोखंडी नळीचे तीन तुकडे रूळ म्हणून आडवे ठेवले आणि पहार घेतली. पाच फुटी पहारेचे टेकण टोकापासून अर्ध्या फुटावर घेतले तर हाताचे बळ नऊपट होते. त्यामुळे त्या एकट्या मनुष्याने चुलीचा काठ उचलला, दुसऱ्याने खाली रूळ सरकवला, आणि अडीच मणांचा तो बोजा, मागून सुटणारा रूळ पुढे घालीत घालीत, उंबरा ओलांडून आत आला. या सर्व वेळात बुडाखाली कोणीही बोटे घातली नाहीत. उचललेल्या काठाखाली आधी लाकडाची पाचर सरकवावयाची आणि मगच पुढचे काम करावयाचे, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

“नाना, हाई चूल कोठे ठेवानी?” असे त्या हमालाने मला विचारले, आणि मी आईकडे पाहिले. ती काही न बोलता रिकाम्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली, रोजच्यासारखा पदर खोचून तिने उजवा हात पुढे लांबवला, जणू वैलावरचे पातेले उतरवीत आहे, आणि मग कोळशाच्या तुकड्याने जमिनीवर एक रेघ ओढली. “इथं. याच्या पलीकडे एक वीतही नको. उतरवताना भांडं माझ्या अंगावर यायला नको आणि माझा हात जाळावरून जायला नको.” मी कागदावर जी जागा आखली होती ती भिंतीपासून मोजली होती, तिने आपल्या खांद्यापासून मोजली. चूल तिच्या रेघेवर बसली, आणि आजवर तेथून हलवावीशी वाटलेली नाही.

जागा ठरली म्हणजे बैठकीचा विचार करावा. काळ्या मातीच्या जमिनीवर एवढे वजन थेट ठेवले, तर पावसाळ्यात माती फुगून आणि उन्हाळ्यात आकसून चूल एका अंगाला कलते आणि धुराड्याचा सांधा सुटतो. म्हणून तेथील माती हातभर खोल काढून मुरूम भरावा, पाणी मारून तो चोपावा, त्यावर विटांचा थर द्यावा आणि गवंड्याकडून पाणसळ लावून घ्यावी; पातेल्यातले पाणी एका काठाला जमू लागले तर आचही एकाच काठाला लागते. लाकडी तुळयांच्या माडीवर जड चूल मांडूच नये. चुलीचे तोंड दाराच्या समोर येऊ देऊ नये, कारण वाऱ्याचा झोत आत घुसला की जाळ आणि धूर दोन्ही विस्कटतात. आणि चूल व भिंत यांमध्ये चार बोटे मोकळी ठेवावीत, म्हणजे उष्णता भिंत तापवण्यात जाणार नाही आणि राख काढण्यास झाडणीला वाट राहील.

धुराडे हे या सर्व खटाटोपाचे मर्म होय. धूर आपण होऊन वर जातो असे आपण समजतो. वस्तुतः धुराड्यातील उष्ण हवा हलकी असल्यामुळे बाहेरची जड हवा तिला चुलीच्या तोंडातून वर ढकलते, आणि हे ढकलणे अत्यंत नाजूक असते. धुराडे तीन मीटर उंच, आतील हवा १५० अंशांची आणि बाहेरील ३० अंशांची असेल, तर ओढ केवळ एक मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढी भरते. अशा दुबळ्या बळावर सगळा धूर घराबाहेर न्यावयाचा असल्यामुळे प्रत्येक काटकोनी वळण, सांध्यातील प्रत्येक फट आणि काजळीचा प्रत्येक थर त्या बळातून कापून घेतो. म्हणून धुराडे सरळ असावे, आडवे कोठेही धावू नये, सांधे मातीने लिंपलेले असावेत आणि तळाशी काजळी काढण्यास झाकणाचे भोक असावे. आमच्यासारख्या धाब्याच्या घरात साण्याची, म्हणजे छपरातील झरोक्याची, जागा आयती मिळते. परंतु तेथे सऱ्यांचे लाकूड असते, म्हणून नळीच्या सभोवती निदान वीतभर अंतर ठेवून मधला भाग पत्रा आणि माती यांनी बुजवावा, लाकडाला नळी कधीही चिकटू देऊ नये. धाब्याच्या वर ती दोन फूट तरी उभी राहावी आणि तिच्यावर टोपी असावी, नाहीतर पावसाची सर आणि उलटा वारा दोन्ही चुलीत उतरतात. पूर्वी यासाठी ॲस्बेस्टॉसच्या नळ्या सर्रास वापरीत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असल्यामुळे जुनी नळी घरात करवतीने कापण्याचे साहस कोणी करू नये.

बसवलेली चूल लगेच पेटवण्याचा मोह अनावर असतो, आणि पुष्कळ चुली याच मोहाने फुटतात. सिमेंटला बळ येण्यास आठवडा-दोन आठवडे ओल लागते, मातीच्या लिंपणाला सावकाश वाळावे लागते. ओल्या अंगात जाळ घातला तर आतील पाण्याची वाफ बाहेर पडण्यास वाट न मिळून थर सोलून निघतो. म्हणून पहिले काही दिवस मूठभर काटक्यांचा मंद विस्तव करावा, मग वाढवावा. सिमेंट प्रखर आचेत हळूहळू बळ गमावते, यासाठी आगीच्या कोठीला आतून मातीचे किंवा विटेचे अस्तर द्यावे आणि दरवर्षी ते नवे करावे. आमच्याकडे या मुदतीनंतर हळदकुंकू वाहून चुलीवर दूध उतू घातले. चूल कोणत्या बाजूला कलली आहे हे त्या दुधाने पाणसळीपेक्षाही स्पष्ट सांगितले असते, परंतु ते चारही अंगांनी सारखे उतू गेले.

चूल कितीही उत्तम असो, ओले सरपण तिला हरवते. लाकूड तापले म्हणजे त्याच्या वजनाचा पाऊण भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि तो वायू पेटला तर ज्वाळा, न पेटला तर धूर होतो. धूर म्हणजे वाया गेलेले सरपणच. लाकडातील पाणी ही ज्वाळा थंड करते. एक किलो लाकडात १५ टक्के पाणी असेल तर त्यातून सुमारे ३,७०० किलोकॅलरी पदरात पडतात, आणि ३० टक्के असेल तर ३,०००च्या आतच राहतात; म्हणजे पाचवी मोळी लाकडाऐवजी पाणी वाहण्यात आणि ते आटवण्यात गेली. बाभळीचे लाकूड बोटाएवढे-मनगटाएवढे फोडून, एक उन्हाळा खाऊ घालून, पडवीत रचावे आणि मग पावसाळ्यात वापरावे, हे जुन्या घरांचे शहाणपण या आकड्यांनी पुरेपूर सिद्ध होते.

या सर्व परिश्रमांचे कारण शेवटी एकच, आणि ते चुलीपुढे बसणाऱ्या माणसाच्या छातीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. भारतात या धुराचे मोजमाप कर्क स्मिथ या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत गुजरातेतील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर उपकरणे लावून केले, आणि जो धूर आपण घराची रीत समजत होतो, तो रोग आहे हे जगापुढे मांडले. ज्या वेळी मोठमोठ्या शहरांच्या धुराची चर्चा होत असे, त्या वेळी त्यांनी मोजपट्टी स्वयंपाकघरात आणली, याबद्दल आपल्या घराघराने कृतज्ञ असावे.

मग साडेतीन कोटी चुली बसूनही धूर का राहिला? काही चुली फुटल्या, काहींची धुराडी काजळीने तुंबली. परंतु पुष्कळ चुली ज्या घरांत गेल्या त्या घरांच्या हाताला जुळल्याच नाहीत. आपली भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्याला उभी टेकवून फुगवावी लागते. तोंड अरुंद केलेल्या चुलीत ती जागाच उरत नाही. खानदेशी मांडे पालथ्या खापरावर भाजतात, आणि ते रुंद खापर ठरावीक मापाच्या भोकावर बसत नाही. म्हणून आमच्या अंगणात त्यासाठी मोकळी चूल वेगळी राहिली, आणि ती राहणे योग्यच होते. कार्यक्रमाने बसवलेल्या चुलींची मोजदाद केली. त्यांतल्या किती चुली बाईच्या खांद्यापासून मोजून मांडल्या, याची मोजदाद कोणत्या कचेरीत होणार? परंतु चुलीचे यश त्याच मापात असते. म्हणून ज्यांनी नवी चूल आणावयाची त्यांनी पैसे देण्यापूर्वी घरातला तवा आणि मोठे पातेले कार्यशाळेत नेऊन चुलीवर ठेवून पाहावे, आणि जी तिच्यापुढे बसणार तिला सोबत न्यावे.

आमच्या चुलीचे धुराडे दर महिन्याला मी स्वतः झाडतो; लांब काठीला गोणपाट बांधून वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा. पहिल्या महिन्यात अर्धी पाटी काजळी निघाली, आणि ती परसात टाकण्यास नेताना आई म्हणाली, “एवढं माझ्या डोळ्यांत जात होतं का रे?” मला उत्तर देता आले नाही. चुलीच्या वर खिळ्याला तिची लोखंडी फुंकणी अजून टांगलेली आहे. धुराड्याच्या ओढीने विस्तव आपोआप पेटता राहतो, त्यामुळे ती क्वचितच खाली उतरते, आणि तिच्या तोंडाकडचे टोक, जे इतकी वर्षे ओठांनी घासून लखलखीत होते, आता हळूहळू काळे पडत आहे.